पद्मिनी : प्रतीक्षेने टिकवलेली मोटार

१/५
मुंबईकर जिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले, ती प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली केली होती.

२/५
१९६४ मध्ये येथे इटलीच्या फियाट ११०० डिलाइटचे उत्पादन सुरू झाले. १९७४ पासून तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि मूळ आराखडा मात्र फारसा बदलला नाही.

३/५
परवाना पद्धतीत किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवी. आगाऊ नोंदणी करूनही ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर दारी आलेली गाडी सहजासहजी मोडीत निघत नसे.

४/५
आराखड्याचा जुनेपणा येथे उपयोगी पडला. एका गाडीचे बरेच सुटे भाग दुसरीला बसत. गल्लीतला मेस्त्री साध्या पान्यांनी इंजिन खोलून बसवी. १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर खासगी ग्राहक तिकडे वळला, तरी टॅक्सीचालकांनी पद्मिनी सोडली नाही.

५/५
शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच तिची सेवा संपली. टॅक्सीची नोंद परिवहन कार्यालयात राहिली. ती चालती ठेवणाऱ्या मेस्त्रींची नोंद घेणे अजून बाकी आहे.