आघाडीवरची पोरे

'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी आमच्या गावाची एक म्हण आहे. ती कोणी काढली आणि कशावरून काढली, याविषयी गावात जितक्या ओट्या तितकी मते ऐकायला मिळतात. फुटबॉलपुरते बोलायचे तर जर्मनीने आजवर चार वेळा विश्वचषक जिंकला आणि परभणीने माझ्या लहानपणी काळ्या मातीच्या मैदानावर एक ठिगळाचा चेंडू वर्षभर पुरवला, एवढाच काय तो संबंध! तरीही या खेळाने आमच्या घरात दोनदा वाद घडवून आणला. एकदा १९५६ साली आणि एकदा २०१७ साली. त्या दोन वादांची ही हकिगत.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. आमचे वडील, अण्णा, तहसील कचेरीत कारकून. त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले. निजामाचे राज्य १९४८ मध्ये गेले तेव्हा एकदा आणि आता राज्य बदलले तेव्हा पुन्हा, असा आपल्या नोकरीचा घोर त्यांना आठ वर्षांत दुसऱ्यांदा लागला होता. घरात सगळे हळू आवाजात बोलत.

आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. गोमंतकीय घराण्यातला हा चोवीस वर्षांचा तरुण मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. संघाचे शिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम; हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला होता.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा सतरा वर्षांचा. शाळेच्या संघात तो आघाडीला खेळे, तेही अनवाणी. वर्तमानपत्र हातात धरून तो म्हणाला, "रहीमसाहेब कालपर्यंत आपले होते, डिसूझा आजपासून आपला झाला. आपले नुकसान काहीच नाही!" महिनाभरात अण्णा पहिल्यांदा हसले ते या वाक्यावर.

त्यानंतरचा सामना युगोस्लाव्हियाशी होता. १९५२ साली हेलसिंकीला याच देशाने भारताला १०-१ असे चिरडले होते. या खेपेला उत्तरार्धाच्या आरंभी डिसूझाने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती टिकली नाही. भारत १-४ ने हरला आणि पुढे बल्गेरियाकडून हार खाऊन चौथा आला. पण ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचलेला तो पहिला आशियाई संघ ठरला. चार गोल करून डिसूझा स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका नातेवाइकाचे पत्र आले. एका गिरणीच्या संघाला तरुण खेळाडू हवे होते. दादाला पाठवा, जमले तर नोकरीही लागेल. त्या काळी आपल्याकडे खेळाचा पगार नव्हता. गिरण्या, कंपन्या, रेल्वे, पोलीस यांचे संघ असत आणि पायातल्या कसबाचे मोल नोकरीच्या रूपाने मिळे. दादाने ट्रंक भरायला घेतली. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "गोल किती वर्षं मारशील? अन् त्याच्या पुढं काय करशील?" दादाजवळ उत्तर नव्हते. परभणीहून मीटरगेजच्या गाडीने मनमाड आणि तिथून मुंबई, असा तो प्रवास. तो झालाच नाही. दादा पुढे शिक्षक झाला, चांगला झाला. त्याने कधी तक्रार केली नाही. तो गेल्यावर त्याच्या पेटीत डिसूझाच्या छायाचित्राचे पिवळे पडलेले कात्रण मात्र सापडले.

आता दुसरी हकिगत. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. माझा नातू तेरा वर्षांचा होता आणि पुण्याच्या एका निवासी क्रीडाशाळेत जाण्याचा हट्ट धरून बसला होता. त्याच्या वडिलांनी जेवताना विचारले, "फुटबॉलवर पोट भरतं का रे?" मला साठ वर्षांपूर्वीचे अण्णा दिसले आणि घास तसाच हातात राहिला.

भाऊबीज झाली आणि मी नातवाला घेऊन निघालो. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी ठाणे, तिथून लोकलने नेरूळ. २५ ऑक्टोबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांचा उपान्त्य सामना होता. भारताचा संघ तेव्हा अमेरिका, कोलंबिया व घाना यांच्याकडून हरून बाहेर पडला होता. त्या संघाच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. नातवाच्या हट्टाचे मूळ तेच होते.

स्पेनचा कर्णधार होता आबेल रुइझ. व्हॅलेन्सियाजवळच्या अल्मुसाफेस या गावचा; जन्म जानेवारी २०००, म्हणजे अनिकेतपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. बाराव्या वर्षी तो घर सोडून बार्सिलोना क्लबच्या शाळेत गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच्या नेतृत्वाखाली स्पेनने सतरा वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद मिळवले होते. त्या रात्री पहिल्या अर्ध्या तासाच्या आत स्पेनला पेनल्टी मिळाली. सतरा वर्षांचे ते पोर चेंडूपाशी शांत उभे राहिले आणि त्याने गोल केला. मध्यंतराआधी दुसरा. स्पेन ३-१ ने जिंकला. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले. पण सहा गोल करून रुइझने आपले नाव गाजवले. परतीच्या गाडीत नातू म्हणाला, "आबा, हा आता बार्सिलोनाचा मोठा खेळाडू होणार." मीही मान डोलावली.

तसे झाले नाही, आणि यातच खरी गोष्ट आहे. मे २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या मुख्य संघात बदली खेळाडू म्हणून तो मैदानात उतरला. पण जम बसला नाही. जानेवारी २०२० मध्ये, विसाव्या वर्षी, तो पोर्तुगालच्या ब्रागा क्लबकडे गेला. मोठ्या वाड्यातून बाहेर पडून छोट्या घरात संसार मांडावा तसे ते होते. तिथे २०२१ मध्ये त्याच्या संघाने पोर्तुगालचा चषक जिंकला. जुलै २०२३ मध्ये एकवीस वर्षांखालील युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना बातुमीला झाला. समोर पुन्हा इंग्लंड, स्पेन एका गोलने मागे, शेवटची मिनिटे, आणि पेनल्टी घ्यायला पुन्हा आबेल रुइझ. नेरूळला जे साधले ते बातुमीला साधले नाही. गोलरक्षकाने चेंडू अडवला. त्यानंतर वर्षभराने, ९ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये फ्रान्सला ५-३ हरवून स्पेनने ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले. त्या चमूत तो होता.

अनिकेतचीही वाट अशीच वळणांची. विश्वचषकानंतर महिना-दीड महिन्यात इंडियन ॲरोज संघाकडून पहिल्याच लीग सामन्यात त्याने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे क्लब बदलत तो खेळत राहिला. क्लब बदलणे हा व्यावसायिक खेळाडूचा जणू बदलीचा हुकूमच. अण्णांना तो चांगला समजला असता.

आघाडीच्या खेळाडूचे आयुष्य मोठे विचित्र असते. मागच्या दहा जणांनी चेंडू पुढे आणावा, तेव्हा याची पाळी येते; आणि त्या क्षणाचा हिशोब मात्र याच्या एकट्याच्या नावावर मांडला जातो. डिसूझाला पाठीशी कंपनी होती. आजच्या पोराला करार असतो आणि तो संपण्याची तारीख त्यावरच छापलेली असते. पैसा वाढला, अण्णांचा प्रश्न जागचा हलला नाही.

आम्ही नातवाला पुण्याला पाठवले. मीच शब्द टाकला. तीन वर्षांनी गुडघा दुखावला आणि तो परत आला. घरात कोणीच त्याला 'सांगितलं होतं ना' असे म्हटले नाही, याचे मला समाधान आहे. आज तो इथल्या कृषी विद्यापीठात शिकतो आणि संध्याकाळी वीस-पंचवीस पोरांना मैदानावर चेंडू मारायला शिकवतो.

परवा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी तिकडे सहज गेलो. एका किरकोळ पोराने पेनल्टी बाहेर मारली आणि ते रडवेले झाले. नातवाने चेंडू उचलून पुन्हा खुणेवर ठेवला आणि म्हणाला, "अजून एक मार. आबेल रुइझनं पण घालवली होती."

दादाचे ते कात्रण मी त्याच्याच हवाली केले आहे.