जुनं होम थिएटर भंगारात द्यायचं की ठेवायचं? नवीन साऊंडबार घेण्याआधी एवढं तपासा

सोयाबीनचे पैसे हातात आले की तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. घरात नवीन मोठा टीव्ही येतो. टीव्ही आला की दुसरा प्रश्न उभा राहतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेलं होम थिएटर त्याला जोडता येत नाही. दुकानदार म्हणतो, "ते आता भंगार झालं, साऊंडबार घ्या." घरातली पोरं 'ॲटमॉस'चं नाव घेतात. खर्च मात्र दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कुठेही जातो.

हाच प्रसंग आमच्या घरी मागच्या दिवाळीत आला होता, म्हणून ही माहिती एका जागी लिहीत आहे. थोडक्यात उत्तर असं, की बहुतेक घरांत जुना सेट चालू अवस्थेत असेल तर तो बदलायची घाई करू नये. अडचण बऱ्याचदा आवाजाची नसते, जोडणीची असते. पण काही ठिकाणी नवीन घेणंच फायद्याचं ठरतं. आपलं घर कशात बसतं ते खाली बघा.

५.१ म्हणजे काय आणि नवीन काय आलं?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन. वूफर फक्त जाड आवाज, म्हणजे बास देतो. सिनेमातलं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं.

नवीन आलं ते डॉल्बी ॲटमॉस. थिएटरमध्ये ते २०१२ साली आलं आणि घरगुती सेटमध्ये २०१४ पासून. यात वरून येणाऱ्या आवाजाची भर पडली. पाऊस, हेलिकॉप्टर डोक्यावर असल्यासारखं वाटतं. डब्यावर ५.१.२ असं लिहिलेलं असेल तर शेवटचा आकडा वरच्या आवाजाच्या स्पीकरचा.

दुसरा बदल वायरींचा. पूर्वी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना होत्या. आता एकच एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. टीव्हीचा आवाज त्याच वायरने सेटकडे परत पाठवण्याची सोय, जिला एआरसी म्हणतात, ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. त्याची सुधारित आवृत्ती म्हणजे ईएआरसी.

स्पीकर मात्र फारसा बदललेला नाही. कागदाचा पडदा, मागे चुंबक आणि तांब्याची कॉईल. २०१० सालचा चांगला लाकडी डबा आणि मोठा वूफर आजच्या स्वस्त प्लास्टिक साऊंडबारपेक्षा भरीव वाजतो. त्यामुळे "जुनं म्हणजे वाईट" हे आवाजाच्या बाबतीत खरं नाही.

आधी बघा, तुमचा सेट खरा ५.१ आहे का?

आपल्याकडे त्या काळात तीन-चार हजारांचे '५.१' भरपूर विकले गेले. त्यातल्या बऱ्याच सेटना फक्त लाल-पांढरी पिन जोडलेली असायची. त्या पिनांतून दोनच बाजूंचा आवाज जातो. मग सेट तोच आवाज पाचही डब्यांतून वाजवतो. आवाज मोठा होतो, पण तो पाच वेगळ्या दिशांचा नसतो.

डीव्हीडी प्लेयरसोबत आलेले सेट मात्र डिस्कवरून खरा ५.१ देतात. त्यांच्यावर 'प्रो लॉजिक' असं बटण असेल तर ते उपयोगाचं आहे. दोन बाजूंच्या आवाजात जे समान असतं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं, ते हे बटण मधल्या स्पीकरकडे पाठवतं.

वॅटच्या आकड्याला फसू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या. आरएमएस वॅट बघा. सेटच्या मागच्या स्टिकरवर तो किती वॅट लाईट खातो हे असतं. साठ वॅट खाणारा सेट सलग हजार वॅटचा आवाज देऊच शकत नाही. हे नवीन सेटलाही लागू आहे.

नवीन टीव्हीला जुना सेट कसा जोडायचा?

आमचा सेट २०११ चा. नवीन ४३ इंची टीव्हीला मागे लाल-पांढऱ्या पिनांची आवाज बाहेर देणारी जागाच नाही. ज्या दुकानातून टीव्ही घेतला तिथे सेट भंगारात काढा म्हणून सांगितलं आणि अठरा हजारांचा साऊंडबार दाखवला. गावातल्या मेकॅनिकने मात्र हातावर मावेल एवढा एक कन्व्हर्टर दिला. खर्च हजाराच्या आत. सेट आजही चालू आहे.

तुम्ही टीव्हीच्या मागे या क्रमाने शोधा:

१. इअरफोनचं गोल भोक असेल तर साध्या 'एका टोकाला इअरफोन पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी' वायरीने काम होतं.

२. ऑप्टिकल लिहिलेलं चौकोनी भोक असेल आणि सेटलाही ऑप्टिकल असेल तर सरळ ती वायर लावा. त्यातून ५.१ जातो, ॲटमॉस जात नाही.

३. टीव्हीला ऑप्टिकल आहे, सेटला फक्त पिना आहेत, तर मध्ये डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर लागतो. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडायला विसरू नका. नाही तर आवाज येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि माणूस कन्व्हर्टर खराब निघाला असं समजतो.

४. सेटला एआरसी असेल तर एचडीएमआय वायर टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्याच भोकात लावा. दुसऱ्या भोकात लावली तर आवाज परत येत नाही.

एक फरक सांगून ठेवतो. एआरसीने जोडलं तर टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकलने जोडलं तर बहुतेक वेळा सेटचा वेगळा रिमोट लागतो. घरात म्हातारी माणसं असतील तर ही गोष्ट लहान नाही.

बोलणं ऐकू येत नाही, ही खरी तक्रार

आमच्या वडिलांना नवीन टीव्ही आल्यापासून बातम्या नीट कळत नव्हत्या. आवाज साठवर, तरी "काय म्हणला तो?" असं विचारायचे. शेजारच्या खोलीत पोरगी बारावीचा अभ्यास करते, तिची वेगळी कटकट. शेवटी वडील टीव्हीसमोर बसायचंच बंद झाले. ओट्यावर एकटे बसून राहायचे.

याचं एक कारण टीव्हीत आहे. पातळ टीव्हीचे स्पीकर बारीक असतात आणि त्यांचं तोंड खाली किंवा मागे असतं. जुन्या डबा टीव्हीचा स्पीकर समोर तोंड करून होता. त्यामुळे नवीन टीव्हीचा आवाज मोठा केला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत.

जुना सेट जोडला, प्रो लॉजिक लावलं आणि मधला स्पीकर शोकेसच्या आतून काढून टीव्हीच्या खाली, खुर्चीच्या दिशेने ठेवला. वूफर अर्ध्यावर आणला. आता वडील पूर्वीपेक्षा कमी आवाजात बातम्या ऐकतात. नवीन साऊंडबार घेणाऱ्यांनीही दुकानात गाणं लावून बघू नये, बातम्या लावून बघाव्यात. गाण्यात बास भुलवतो. आणि घरातल्या माणसाला खरंच कमी ऐकू येत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या. त्याला साऊंडबार हा इलाज नाही.

ॲटमॉस कुणी घ्यावं?

बऱ्याच ॲटमॉस साऊंडबारमध्ये वर तोंड केलेले स्पीकर असतात. ते आवाज छतावर मारतात आणि तो परतून कानावर येतो. त्यासाठी छत सपाट आणि कडक पाहिजे, साधारण साडेसात ते बारा फूट उंच. स्लॅबच्या खोलीत हे जमतं. उतरत्या पत्र्याच्या किंवा कौलारू घरात आवाज भलतीकडे जातो, वर पाऊस असला तर विषयच संपला. तिथे ॲटमॉसचे पैसे वाया जातात.

दुसरी अट म्हणजे कार्यक्रम त्या आवाजात असला पाहिजे. फ्री डिशवर किंवा साध्या सेट टॉप बॉक्सवर बातम्या-मालिका बघत असाल तर बहुतेक आवाज दोनच बाजूंचा असतो. साऊंडबार कितीही भारी असला तरी मुळात नसलेला आवाज तो आणू शकत नाही. ओटीटीवर ॲटमॉस मिळतो, पण काही ॲपमध्ये त्यासाठी सगळ्यात महागडा प्लॅन लागतो.

तिसरी अट इंटरनेटची. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सांगतं. या वेगाने मोबाईलचा रोजचा दोन जीबी डेटा अठरा-वीस मिनिटांत संपतो. गावात फायबर आला असेल तरच हा विचार करा.

चित्राचंही असंच आहे. ४३ इंची टीव्ही साडेपाच-सहा फुटांच्या पुढून बघितला तर फुल एचडी आणि फोर-के यातला बारकावा साध्या डोळ्याला फारसा कळत नाही. मोठा टीव्ही घ्यायचाच असेल तर एवढं माहीत असू द्या, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तो बघून घ्या.

जुना सेट दुरुस्त होण्यासारखा आहे का?

- गुणगुण येते, सेट उशिरा चालू होतो: बऱ्याचदा फुगलेले कपॅसिटर. स्वस्तात बदलतात.
- वूफर फाटल्यासारखा वाजतो: कडेचा फोम झडला असेल. फोम बदलून मिळतो. कडेला रबर असेल तर ते जास्त टिकतं.
- एक डबा बंद: आधी वायर बघा. उंदराने कुरतडलेली निघते. जोड निघाला असेल तर डाग मारून होतो.
- आवाज फिरवताना खरखर: बटणात धूळ.
- मेन आयसी किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि जुना पार्ट मिळत नाही: मग मात्र खर्च करू नका.

संध्याकाळी लाईट कमी-जास्त होते त्या गावांत जुना असो वा नवीन, सेट स्टॅबिलायझरवर ठेवा. विजा चमकायला लागल्या की प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची वायरही काढून ठेवा.

मग नवीन कधी घ्यावं?

सेट दुरुस्तीच्या पलीकडे गेला असेल, पाच डब्यांच्या वायरींना घरात जागा नसेल, किंवा घरच्यांना दोन रिमोट जमत नसतील तर नवीन घ्या. बातम्या, मालिका, कीर्तन एवढंच बघणं असेल तर वेगळा वूफर असलेला आणि एआरसी असलेला साधा साऊंडबार पुरतो. स्लॅबचं घर, फायबर नेट आणि रोज सिनेमा बघणारी माणसं, हे तिन्ही असेल तरच ॲटमॉस.

घेताना पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे का ते आधी विचारा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. जुना सेट टाकायचाच ठरला तर उकिरड्यावर फेकू किंवा जाळू नका. एक्सचेंजमध्ये द्या, नाही तर मेकॅनिकला द्या. त्याचे पार्ट दुसऱ्याच्या सेटला कामी येतात.

आमचे अठरा हजार वाचले, ते हरभऱ्याच्या बियाण्याला आणि खताला गेले. वडील पुन्हा सातच्या बातम्यांना टीव्हीसमोर असतात. तुमच्याकडे कपाटावर असा सेट धूळ खात पडला असेल तर दुकानात जाण्याआधी एकदा खाली उतरवून लावून बघा.