पिंजऱ्यासमोरचा फोटो

आमच्या अचलपुरात वाघ नाही, पण वाघाचं घर दारात आहे. गावाबाहेर पडून उत्तरेकडे तोंड केलं की गाविलगडचे डोंगर दिसतात आणि त्यांच्या अंगाखांद्यावर मेळघाट. १९७३-७४मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. तरीही आमच्या पिढीतल्या बहुतेक पोरांनी पहिला वाघ पाहिला तो नागपूरच्या महाराजबागेत. ''इतक्या दूर कायले जाता? इथं जंगल हाये ना!'' असं शेजारचे काका म्हणत. त्यावर अब्बांचं उत्तर ठरलेलं असे, ''जंगलातला वाघ आपल्याले पाह्यते. आपल्याले तो दिसत नाही.'' मग पहाटेची एसटी, अमरावतीला गाडी बदलायची, डब्यात पराठे, पिशवीत भाजलेले शेंगदाणे आणि कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा. श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या कॅमेऱ्याबद्दल.

जनावरासोबत कुटुंबाचा फोटो ही हौस आपल्याला वाटते तितकी साधी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा फोटो फक्त बड्यांचा निघे आणि त्यात जनावर मेलेलं असे. १९०२मध्ये लॉर्ड कर्झन निजामाच्या मुलखात शिकारीला आला. कर्झन, त्याची पत्नी आणि पायाशी मारलेला वाघ हा त्या वेळचा फोटो आजही पुस्तकांतून दिसतो. तो राजा दीनदयाळ यांच्या नावावर आहे. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' असा किताब दिला होता. मुसव्विर म्हणजे चित्र उतरवणारा. त्या काळच्या अवजड कॅमेऱ्यापुढे मेलेला वाघ सोयीचाही होता म्हणा, कारण तो हलत नसे. जिवंत वाघासमोर उभं राहून शिक्षकाला, विणकराला, एसटीच्या कंडक्टरला आपल्या पोराबाळांचा फोटो काढता येऊ लागला तो प्राणिसंग्रहालयामुळे. या संस्थेवर आज टीका होते आणि त्यातली बरीचशी रास्तही आहे, पण एवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

महाराजबाग मुळात नागपूरकर भोसल्यांची. तिसरे रघुजी १८५३मध्ये वारले, राज्य खालसा झालं आणि बाग इंग्रजांकडे गेली. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४चं. पुढे ते कृषी महाविद्यालयाकडे आणि त्यामुळे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आलं. म्हणजे वऱ्हाडातलं ज्वारी-कपाशीचं विद्यापीठ नागपुरातले वाघ सांभाळतं. आम्हा वऱ्हाडी माणसांना याचा थोडा गर्व वाटतो, तो वाटू द्यावा.

जिवंत जनावराच्या फोटोचा इतिहास लंडनकडे नेतो. इजिप्तच्या अब्बास पाशाने भेट दिलेला ओबेश नावाचा पाणघोडा १८५०मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात आला आणि सारं शहर त्याला पाहायला लोटलं. १८५२मध्ये काउंट माँतिझोन या हौशी छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला. त्यात ओबेश पाण्याकाठी निवांत पडला आहे आणि त्याच्यामागे गज आहेत. गजांपलीकडून माणसं आत डोकावताहेत. कॅमेरा जनावराच्या बाजूला आणि माणसं गजाआड! प्राणिसंग्रहालयातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी हा एक, आणि माझ्या मते आजवरच्या चांगल्या फोटोंपैकीही एक. बिचारा झोपला होता म्हणूनच तो उमटला असावा. तेव्हा प्रतिमा उतरायला वेळ लागे.

त्याच लंडनमध्ये क्वागा नावाची एक मादी होती. क्वागा म्हणजे पुढून झेब्र्यासारखा पट्टेदार आणि मागून घोड्यासारखा तपकिरी प्राणी. १८६३ ते १८७० या काळात तिचे फोटो निघाले, त्यांतले पाच आज माहीत आहेत. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जिवंत क्वागा कसा उभा राहत असे, हे दाखवणारे जगात एवढेच पाच फोटो, आणि सगळे एकाच मादीचे. काढणाऱ्यांना वाटलं असेल, एका जनावराचा फोटो काढतोय. प्रत्यक्षात ते एका अख्ख्या जातीचा शेवटचा पुरावा गोळा करत होते.

आपल्याकडे हा छंद सामान्य घरात शिरला तो डबा कॅमेऱ्याने. परदेशात कोडॅकने १९००मध्ये एका डॉलरला ब्राउनी आणला. आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री आला. त्यात एकशेवीसचा रोल बसे आणि बारा फोटो निघत. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा पाहून किल्ली फिरवायची. रोल बहुधा काळा-पांढरा 'इंदू', उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा. बारा फोटोंत सगळी महाराजबाग आणि सगळं घर बसवायचं. त्यामुळे कुठल्या जनावरापुढे किती जणांनी उभं राहायचं, यावर एसटीतच वाटाघाटी होत. ऐंशीच्या दशकात छोटा 'हॉट शॉट' आला, पोरंही खटाखट फोटो काढू लागली आणि त्या वाटाघाटी संपल्या. मला त्या बऱ्या वाटायच्या.

डबा कॅमेऱ्याचा पहिला नियम, ऊन पाठीवर घ्या. त्याचे दोन परिणाम जुन्या अल्बमांत पाहायला मिळतात. एक, सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. दुसरा, फोटोच्या खालच्या कडेला काढणाऱ्याची लांब सावली. महाराजबागेतल्या आमच्या बारा फोटोंत अब्बा एकातही नाहीत. हरणांच्या कुंपणापुढे मात्र त्यांची सावली पडली आहे, कोपर बाहेर काढलेली आणि मान खाली घातलेली, कारण त्या कॅमेऱ्यात वरून, छातीशी धरून नव्हे, तर डोळ्याला लावून पाहायचं, आणि तरी ते आधी खिडकीतला आकडा पुन्हा एकदा तपासत. अम्मीही दोनच फोटोंत आहे. बाकीच्या वेळी ती चादर पसरत होती नाहीतर कुणाला तरी पाणी पाजत होती. कुटुंबाचा दिवस ज्यांनी उभा केला तेच चित्रात नसतात. म्हणून घरातल्या पोरींना, सुनांना, अगदी दहा वर्षांच्या नातवालाही निदान एकदा मोबाइल देऊन स्वतः पुढे जाऊन उभं राहावं. फोटो वाकडा आला तरी चालेल.

आमच्या दादीला फोटो मान्य नव्हता. जिवाची तसबीर काढू नये, असं ती मानायची. मोहल्ल्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो हजच्या पासपोर्टसाठी, कारण तिथे इलाज नव्हता. दादीने महाराजबागेत मात्र एक तोड काढली. ती पिंजऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. अब्बांनी पाठमोराच काढला. त्यात पांढरी ओढणी आहे, तिच्या पलीकडे गज आणि गजांमागे धूसर वाघ. बाकी आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे पाहत ताठ उभे आहोत. वाघ खरा पाहते आहे ती एकटी दादी. तेव्हापासून मी घरच्यांना सांगतो, कॅमेऱ्याकडे नका पाहू, जनावराकडे पाहा. आणि फोटो काढणाऱ्याने पोराच्या उंचीवर गुडघा टेकून बसावं, म्हणजे पोराचा चेहरा आणि जनावराचे डोळे एका पातळीत येतात.

गजांचं दुखणं जुनं. हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७मध्ये गजांऐवजी खंदक खणले, १९५९मध्ये उघडलेल्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयानेही तीच रीत घेतली आणि फोटोतले गज नाहीसे झाले. पण गज गेले की माणसाला भीतीचा विसर पडतो. २३ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच दिल्लीत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि वरून लोकांचे मोबाइल सुरू राहिले. ते चित्रण देशभर फिरलं. तो मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही.

जाळी असेल तर अडथळ्याच्या कठड्यापलीकडे हात न घालता उभं राहावं, तारेचा सावलीतला भाग निवडावा आणि जनावर जाळीपासून मागे सरकेपर्यंत थांबावं. मग दुरून जवळचं करून घेतलं की तार जवळपास विरघळते. काच असेल, जशी २०१७पासून राणीच्या बागेत पेंग्विनांपुढे आहे, तर मोबाइल काचेला टेकवून धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. तो काचेवरून उलटतो आणि जनावरालाही त्रास देतो. सकाळी जावं. दुपारी वाघही वऱ्हाडी माणसासारखा सावली धरून पडतो. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवायचा नियम आहे, तो वार आधी विचारून घ्यावा, नाहीतर अचलपूरहून निघालेल्यांनी फाटकाचाच फोटो काढायचा. आता नागपुरात गोरेवाडाही आहे. २६ जानेवारी २०२१ला उद्घाटन झालं. तिथे गजाआड आपण, बसमध्ये, आणि वाघ मोकळ्यावर. ओबेशच्या फोटोची आठवण व्हावी अशी ही मांडणी आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं तिथे जाऊन आली आणि साडेचारशे फोटो घेऊन परतली. मी म्हटलं, यातले बारा निवडा. दोन दिवस भांडण चाललं. निवडलेले बारा परतवाड्याच्या स्टुडिओतून कागदावर काढून आणले आणि जुन्या अल्बममध्येच लावले. तेव्हा दादीचा पाठमोरा फोटो उलटा करून पाहिला. मागे अब्बांनी उर्दूत नाव, गाव आणि साल लिहून ठेवलं आहे. नातवंडं मराठी शाळेतली, त्यांना ते वाचता येईना. थोरलीने मला वाचायला लावलं आणि त्याच्याच खाली पेन्सिलीने देवनागरीत उतरवून घेतलं.