दरडोई दहा रुपये

बिहार-झारखंडात बदलीवर आलेल्या मराठी माणसाच्या कानी पहिल्या महिन्यातच 'कांके' हा शब्द पडतो. कुणी विसंगत बोलू लागला की 'याला कांकेला धाडा' असे म्हणून हसायचे. आपल्याकडे ठाणे किंवा येरवडा म्हणतात, त्याच चालीवर. कांके हे रांचीच्या उत्तरेकडील एक उपनगर. तेथे दोन मनोरुग्णालये जवळजवळ उभी आहेत. एक १९१८ साली केवळ युरोपीय रुग्णांसाठी उघडले. दुसरे एतद्देशीयांसाठी. मूळचे मुंगेरचे, नंतर पाटण्याला गेलेले आणि सप्टेंबर १९२५ मध्ये कांकेला स्थलांतरित झालेले. या दुसऱ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा इतिहास मला गेली अनेक वर्षे छळतो आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१९८६ साली पाटण्याच्या दोन रहिवाशांनी या रुग्णालयातील दुरवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयाकडे पत्राने दाद मागितली. ते पत्रच रिट याचिका म्हणून दाखल झाले. 'राकेशचंद्र नारायण विरुद्ध बिहार राज्य' या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. न्यायालयाने स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पाहणी अहवाल मागवला आणि त्यावर अंतरिम आदेश दिला. तो आदेश मी कित्येकदा वाचला आहे. एखाद्या घटनात्मक तत्त्वाचा ऊहापोह त्यात सापडेल अशी अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात समोर येते ती किराण्याच्या यादीसारखी यादी. प्रत्येक रुग्णाच्या आहारावर दररोज किमान दहा रुपये खर्च करा. पिण्याचे शुद्ध पाणी द्या, लागल्यास टँकर लावा. शौचालये आणि न्हाणीघरे दुरुस्त करा. ज्यांना गादी व घोंगडी नाही त्यांना ती पंधरा दिवसांत पुरवा. औषधांवरील दरडोई खर्चाची मर्यादा रद्द करा. पूर्णवेळ अधीक्षक आणि मनोविकारतज्ज्ञ नेमा. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला घोंगडी मोजावी लागली, यातच सारे आले. पुढच्या निकालात न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी, बिहार राज्य स्वतःला कल्याणकारी राज्य समजत असावे असे आम्ही गृहीत धरतो, अशा आशयाचा एक शेरा मारला आहे. न्यायालयीन भाषेत याहून बोचरे लिहिणे कठीण.

त्या आधीची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यायला हवी. १९४६ च्या भोर समितीसाठी देशभरातील मनोरुग्णालयांची पाहणी कर्नल मूर टेलर यांनी केली. ते याच कांकेच्या युरोपीय रुग्णालयाचे अधीक्षक होते. बहुतेक संस्था उपचारासाठी नव्हे, तर माणसे डांबून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वांत वाईट म्हणून त्यांनी जी चार नावे घेतली त्यांत पंजाब आणि आग्र्याच्या जोडीला ठाणे आणि नागपूर ही दोन आहेत. तेव्हा कांकेच्या नावाने हसणाऱ्या मराठी माणसाने थोडे जपूनच हसावे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या आदेशातील एका गोष्टीचे विशेष वाटते. न्यायालयाने दहा रुपये ही किमान रक्कम ठरवली. शासनाच्या लेखी मात्र दरडोई आहारदर ही नेहमीच कमाल रक्कम असते. वित्त विभागाची संमती घेऊन एकदा दर ठरला की तो शासननिर्णयात बसतो, तेथून अंदाजपत्रकात जातो, आणि तेथे वर्षानुवर्षे विसावतो. डाळीचा भाव मात्र विसावत नाही. १९८६ नंतरच्या दहा वर्षांत देशातील ग्राहक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. दर तोच राहिला, तर रुग्णाच्या ताटातले अन्न निम्म्याहून कमी झाले, आणि त्यासाठी कुणालाही कोणत्याही कागदावर सही करावी लागली नाही. कपात करायची झाली तर प्रस्ताव लागतो, टिपणी लागते, जबाबदारी कुणाच्या तरी नावावर येते. दर न वाढवण्याला काहीच लागत नाही. आपल्या प्रशासनातले सर्वांत निर्धोक क्रौर्य हेच, असे मला वाटू लागले आहे. त्यातून कंत्राट न्यूनतम दराच्या निविदेला जाते. ज्याला पाण्यात जास्तीत जास्त डाळ दिसेल असे भासवता येते, तो कंत्राटदार टिकतो. रुग्ण तक्रार करीत नाही. सामान्य वॉर्डातला गरीब माणूस घरून डबा मागवतो किंवा नातेवाईक फळे आणतात, म्हणून उणीव झाकली जाते. मनोरुग्णालयात डबा आणणारे कुणी नसते. उणीव तेथे उघडी पडते.

जगण्यासाठी माणसाला कमीत कमी किती पुरेल, हा प्रश्न शासनाने आपल्याकडे फार पूर्वीपासून विचारला आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास प्रांतातील मदतकामांवरच्या मजुरांचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. तुरुंगांतील आहारतक्त्यांचा आधार घेऊन, एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस टिकणार नाही, हे ते मांडत राहिले. टेंपल यांचा बचाव काटकसरीचा होता, आणि त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. कॉर्निश यांचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही.

आता क्षयरोगाकडे वळतो. विषयांतर वाटेल, पण नाही. क्षयावर औषधे येण्यापूर्वी सॅनेटोरियममध्ये विश्रांती, हवा आणि दूध-अंडी हाच उपचार होता. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राचा प्रसिद्ध अभ्यास आला. घरी राहून, निकृष्ट आहारावर औषधे घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, असे त्यात दिसले. हा निष्कर्ष गरीब देशांना वरदान ठरला, कारण लाखो रुग्णांसाठी खाटा कुठून आणणार? परंतु त्यातून शासनाने आणखी एक अर्थ सोयीने काढला, की आहाराचे फारसे महत्त्व नाही. पुढली साठ वर्षे क्षयाच्या कार्यक्रमात गोळ्या मोजल्या गेल्या. रुग्णाच्या वजनाच्या नोंदीवरून धोरण ठरले नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकांत झारखंडमधील 'रॅशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांत २,८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल यांचा शिधा दिला. निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांनाही तांदूळ व डाळ मिळाली. ज्या घरांना शिधा मिळाला तेथे क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. केंद्राने एप्रिल २०१८ पासून 'निक्षय पोषण योजने'खाली रुग्णाला दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली होती. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ मध्ये १,००० झाली. मधल्या साडेसहा वर्षांत ५०० हे ५०० च राहिले. दराचे विसावणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

'रॅशन्स'चा अहवाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, १९९७ च्या सुमारास, मी पूर्वेकडील एका राज्यात लेखापरीक्षण पथकाबरोबर एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. आहार नोंदवही आणि भांडाराची पावतीपुस्तके माझ्याकडे होती. दोन दिवसांत मला 'चूक' सापडली. अधीक्षकांनी क्षय वॉर्डातील आणि दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णांसाठी मंजूर दरापेक्षा जादा खर्च करून अंडी आणि दूध घेतले होते. वरिष्ठांची पूर्वसंमती नव्हती. हिशेब चोख होता, प्रत्येक अंड्याची नोंद होती. खरे तर म्हणूनच मला तो सापडला. शेजारच्या सामान्य वॉर्डाच्या नोंदी दराच्या अगदी आत होत्या. त्या वॉर्डातले वरण मी दुपारी पाहिले होते, ते वाटीच्या तळाशी पिवळे होते आणि वर पाणी. त्यावर आक्षेप घ्यायला माझ्याकडे रकाना नव्हता.

अधीक्षक मितभाषी होते. आमच्या पृच्छापत्राला त्यांनी दोन ओळींचे उत्तर दिले: दर जुना आहे, भाव आजचे आहेत, आणि रुग्णही आजचे आहेत. मला ते उत्तर उद्धट वाटले. 'समाधानकारक नाही' असा शेरा लिहून मी परिच्छेद कायम केला, रक्कम वसुलीयोग्य म्हणून दाखवली. माझे वाक्य सुबक होते, असे तेव्हा वरिष्ठांनी म्हटल्याचेही आठवते.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी त्या राज्यातला एक सहकारी दिल्लीत भेटला, तेव्हा मी सहज विचारले. परिच्छेद प्रलंबित असल्यामुळे अधीक्षकांचे निवृत्तीचे उपदान दोन वर्षे अडकले होते. शेवटी शासनाने तो खर्च कार्योत्तर मंजुरीने नियमित केला. क्षय वॉर्डातली अंडी आमची तपासणी झाली त्या महिन्यापासूनच बंद झाली होती, असे तो म्हणाला, आणि चहाचा पुढचा कप मागवला.