वर्षभराचे वाचन : दोन कुळांचे वृत्तांत

दिवाळीच्या सुमारास व्यापारी जुनी चोपडी मिटतो व नवी उघडतो. वाचकानेही वर्षातून एकदा आपल्या वाचनाचा असा ताळेबंद मांडावा. मात्र किती ग्रंथ वाचून हातावेगळे केले, ही संख्या म्हणजे ताळेबंद नव्हे. एका ग्रंथाने उपस्थित केलेल्या प्रश्नास दुसऱ्याने काय उत्तर दिले, आणि तिसऱ्याने त्या उत्तरावर काय आक्षेप घेतला, हे पाहणे हाच खरा हिशेब होय. गेले वर्षभर वेळणेश्वरी राहून कोंकणाविषयी जे वाचले, त्याचा असा हिशेब वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. उत्तरेस गुहागर, दक्षिणेस हेदवी, आणि नारळी-पोफळीच्या आगरांलगत महादेवाचे देऊळ. कित्येक गोखले घराण्यांचे हे कुलदैवत. पुण्यामुंबईहून कुळाचार करावयास मंडळी येतात, अभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती परत फिरतात. दैवत येथे आणि कूळ अन्यत्र, ही स्थिती नित्य पाहता पाहता मनात प्रश्न आला, की कोंकण सोडून गेलेली माणसे गेली तरी कशी? आणि जी गेली नाहीत, त्यांचे वृत्तांत कोणी लिहिले? वर्षाच्या वाचनास ह्या प्रश्नाने दिशा लागली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास अडचण पडली नाही. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे डोक्यावरील कर्ज फेडण्याकरिता, दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केला. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. मुरूडच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविणारा हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो एवढ्यावरून तेथे त्यास परत लावण्यात आले. वेळणेश्वराच्याच तालुक्यात, कोतळूक येथे, १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांची कथाही ह्याच जातीची. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली, व पंधरा रुपये पगारातून आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. न. र. फाटक यांच्या ‘आदर्श भारतसेवक’ ह्या चरित्रास १९७० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ते ह्याच गोपाळरावांचे.

हे सर्व वाचून मन भरून येते, आणि ते योग्यच आहे. त्या दारिद्र्यात खोटे काही नाही व त्या जिद्दीतही नाही. तथापि तीन-चार ग्रंथ संपल्यावर ध्यानात येते, की ह्या पानांतून वाट आहे, घाट आहे, गलबत आहे. परंतु पायाखालची जमीन क्वचितच दिसते. ती कोण कसत होते, आणि पिकलेल्या भातातले किती त्याच्या घरी राहत होते?

म्हणून रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर हाती घेतले. ते १८८० साली निघाले, आणि खोतीचा कायदाही त्याच साली झाला. खोत हा गावचा सारा सरकारात भरणारा वंशपरंपरागत हक्कदार. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कसणाऱ्याकडून ते धान्याच्या रूपाने वाटा घेत. भातजमिनीत निम्मा, तो अर्धेल. एकतृतीयांश, तो तिर्धेल. अर्धेल दिल्यावर उरलेल्या निम्म्यातच पुढच्या वर्षाचे बियाणे आणि घरच्या माणसांची पोटे.

येथे भाषेनेच डोळे उघडले. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. पहिल्या कुळाचे वृत्तांत वंशवृक्षांसह छापले गेले. दुसऱ्या कुळाचा वृत्तांत खोताच्या वहीत बाकीच्या रकमेपुरता उरला.

तो वृत्तांत अगदीच लिहिला गेला नाही, असे मात्र नव्हे. लष्करातून निवृत्त होऊन आलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या आधाराविषयी धर्माभिमान्यांना प्रश्न केले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव ह्याच जिल्ह्यातील आंबडवे, यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिलवर गेले. विधेयक कायद्याच्या पदवीस पोहोचले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले.

वर्षाच्या शेवटी उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ वाचले. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली सुपे, टोपल्या, रोवळ्या. लेखिकेची आई ती विणून संसार चालवी. आरंभीच डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजारास निघालेल्या बायका भेटतात. डोक्यावर लाकडांचे वा गवताचे भारे, पायांखाली खडे, मुखी हसणे-भांडणे. कर्व्यांची चाल आणि ह्या बायकांची चाल एकाच मुलखातली, परंतु कर्व्यांच्या चालीच्या टोकाला परीक्षा होती. ती त्या वर्षी हुकली तरी पुढे देता आली. बायकांच्या चालीच्या टोकाला बाजार होता, आणि तिन्हीसांजेला तीच वाट उलट तुडवावयाची होती. उद्या पुन्हा तेच.

ह्यावरून कर्वे-गोखले यांचे मोल कमी होते, असे कोणी समजू नये. गोविंदरावांचे आठ रुपये तेवढेच थोर राहतात. परंतु घाट चढून जाण्यास नुसती जिद्द पुरत नाही. अक्षर ओळखण्याची मुभा लागते, आणि वाटेत कोणाच्या तरी ओटीवर उतरण्याची सोयही लागते. ती ज्यांना होती त्यांनी आत्मचरित्रे लिहिली. ज्यांना नव्हती त्यांच्या घरातील लेखणी हाती येण्यास आणखी दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या. एकट्या ‘आत्मवृत्ता’वरून हे कळत नाही, आणि एकट्या ‘आयदाना’वरूनही नाही. दोन्ही ग्रंथ एका फळीवर शेजारी ठेवले, म्हणजे कोंकण पुरे दिसू लागते.

वर्षाच्या हिशेबात जमेस धरण्यासारखी बाब ही एवढीच. ती मला थोडी वाटत नाही. कुलदैवताच्या दर्शनास येणाऱ्या मंडळींनी परतताना आपल्या कुलवृत्तांताबरोबर दुसऱ्या कुळाचा हा वृत्तांतही सोबत न्यावा, एवढेच सुचवून हा ताळेबंद मिटतो.