धरणगाव : बालकवींच्या आधीचे

मराठीच्या विद्यार्थ्याला धरणगाव म्हटले की बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली तिथे झाला, एवढे परीक्षेपुरते आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. पण त्यापूर्वी पासष्ट वर्षे हेच गाव इंग्रजी राज्याच्या सरहद्दीवरचे एक ठाणे होते, आणि खानदेश ‘वसवण्याचा’ एक मोठा प्रयोग तिथून चालला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात मेहरूणला मुक्काम असताना धरणगावला जाण्याचा योग आला, तो याच कुतूहलापोटी.

मेहरूण आता जळगाव शहराचाच भाग आहे. तिथला तलाव आणि बोरे प्रसिद्ध आहेत. लाडवंजारी समाजाची तिथे मोठी वस्ती आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडणारे वंजाऱ्यांचे तांडे एकेकाळी हळूहळू गावोगाव थांबले, शेतीत रमले. तेव्हा फिरती माणसे स्थिर होण्याचा इतिहास मेहरूणपासूनच सुरू होतो. गिरणेचा पूल ओलांडून, पाळधी मागे टाकून तासाभरात धरणगाव आले. स्टँडजवळ चहा घेताना शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, “बालकवींचं गाव पाहायला आले का, सर?” मी म्हटले, “हो, आणि भिल्लांच्या पलटणीचंही.” ते जरा थांबले. मग म्हणाले, “ते काही ऐकण्यात नाही.”

वास्तविक धरणगावचा इतिहास पलटणीपासूनही सुरू होत नाही. १६७४ मध्ये इथे इंग्रजांची वखार होती. पुढच्याच वर्षी आणि पुन्हा १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी ही पेठ लुटली. लुटण्याजोगे काही असल्याशिवाय फौजा वाट वाकडी करत नाहीत. म्हणजे हा प्रदेश मुळात ओसाड नव्हता.

तो ओसाड झाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. १८०२ नंतर होळकरांच्या फौजांची धामधूम, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ, आणि मग पेंढाऱ्यांच्या धाडी, यांनी गावेच्या गावे उठली. महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणत. ज्यात दिवा लागत नाही ते. १८१८ मध्ये पेशवाई संपून कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहू लागला, तेव्हा त्याच्या वाट्याला आला तो हा मुलूख. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तीही वाघाच्या शिकारीत. खानदेशच्या दक्षिण सीमेवरच्या रानाची त्यावरून कल्पना यावी.

सातपुडा आणि सातमाळा या डोंगरांत भिल्ल नाईकांची सत्ता होती. घाटांच्या रखवालीचे आणि गावांकडून ठरावीक वसुलीचे त्यांचे परंपरागत हक्क होते. नव्या राज्याने ते प्रथम बळाने मोडू पाहिले. सहा-सात वर्षे फौजा डोंगरांत झुंजल्या, पण बंडे संपली नाहीत. अखेर १८२५ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना धोरण बदलले. भिल्लांना तगाई, बैल आणि बियाणे देऊन जमिनीवर बसवायचे, आणि त्यांच्यातलीच एक पलटण उभारायची. पलटणीचे काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमकडे आले. त्याचे ठाणे धरणगाव. तो भिल्लांबरोबर रानात राहिला, शिकार केली, त्यांचा विश्वास मिळवला आणि दहा वर्षे इथे काढली. पुढे १८५७ मध्ये लखनौला त्याने नाव कमावले. १८६३ मध्ये मृत्यूनंतर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरले.

ही कथा इंग्रजी ग्रंथांत ‘रानटी जमात माणसात आणल्याची’ कथा म्हणून येते. औट्रमचे धाडस आणि माणुसकी नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या आधीच्या बळजबरीपेक्षा त्याचा मार्ग नक्कीच बरा होता. पण ज्यांना ‘वसवले’ ते आधीपासूनच तिथे राहत होते. गाव बेचिराख झाले तरी डोंगरात चुली पेटतच होत्या. फक्त त्या दप्तरात नव्हत्या. ऑस्ट्रेलियातही गोऱ्या वसाहतकारांनी दूरच्या माळांवर जाऊन ‘रिकामी भूमी’ वसवल्याचा गौरव दीर्घकाळ झाला. तिथल्या उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो निकालात ती भूमी रिकामी होती ही कल्पनाच फेटाळली. आपल्याकडे असा प्रश्न स्पष्टपणे विचारला गेला का? सेंधवा घाटाची रखवाली सोपवलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, हे एक उत्तर मानता येईल. वसवलेल्यांपैकी सर्वच जण कृतज्ञ नव्हते.

पुढे १८७८ च्या वन कायद्याने रानावरची सरकारची पकड घट्ट केली. जिथे राहायचे, लाकूड तोडायचे, ते रान भिल्लांना परके झाले. त्यानंतर बारा वर्षांनी बालकवी जन्मले. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते, बालपण खानदेशातल्या निरनिराळ्या गावी गेले. त्यांच्या कवितेतले निर्झर, फुले, हिरवळ आपण निसर्गाचे निखळ दर्शन म्हणून शिकवतो, आणि ते तसे आहेही. पण दोन पिढ्यांपूर्वी याच मुलखातल्या रानाचे नाव घेतले की वाघ आणि धाडी आठवत असत. रान निर्भयपणे पाहण्याजोगे होण्याआधी ते कोणाच्या तरी हातून गेलेले होते. यात कवीचा दोष नाही. मात्र निसर्गकवितेचा तास घेताना हा संदर्भ वगळला, तर कविता अधांतरी राहते असे मला वाटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच वनवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला. चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला मात्र लोक अजूनही औट्रम घाट म्हणतात. ते नाव पुसावे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या डोंगरातल्या ज्या माणसांनी औट्रमला वाटा दाखवल्या, त्यांतल्या एकाचेही नाव मला परतीच्या वाटेवर आठवेना.