सह्याद्रीच्या नावाचा मासा आणि उशिरा जागा झालेला कायदा

१/ मद्रासच्या एका गव्हर्नरचे नाव १८६५ मध्ये एका माशाला मिळाले. २०१३ मध्ये त्याच माशाच्या प्रजातीला सह्याद्रीचे नाव लाभले. या दीडशे वर्षांत तो डोंगरी ओढ्यांतून जगभरच्या काचेच्या टाक्यांत पोहोचला. कायद्याला मात्र तो फार उशिरा दिसला. त्या उशिराचा हा इतिहास.

२/ फ्रान्सिस डे हा मद्रासच्या लष्करी सेवेतील शल्यवैद्य. पण मन रमले माशांत. त्रावणकोरच्या डोंगरपायथ्याशी, मुंडकायम येथे मिळालेल्या माशाचे वर्णन त्याने १८६५ मध्ये प्रसिद्ध केले आणि गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्यावरून त्यास ‘लेबिओ डेनिसोनी’ असे नाव दिले.

३/ मासा वीतभरही नाही. रुपेरी अंग, मधोमध काळा पट्टा, त्यावर नाकापासून निघालेली लालभडक रेघ, शेपटीवर पिवळे-काळे ठिपके. वास्तव्य केरळ व दक्षिण कर्नाटकातील वेगवान, निर्मळ ओढ्यांत. पुढे व्यापाऱ्यांनी त्याला ‘मिस केरला’ म्हणायला सुरुवात केली.

४/ कायदा त्या काळी माशाकडे कसा पाहत होता? १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंगाचे स्फोट करून आणि पाण्यात विष कालवून मासे मारण्यास बंदी घातली. त्यामागचा विचार होता अन्नसाठ्याचा. मासा म्हणजे ताटातला पदार्थ. तो दुर्मीळ ‘वन्यजीव’ असू शकतो, ही कल्पनाच नव्हती.

५/ १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. वाघ, माळढोक, मगर यांना त्याने अभय दिले. माशांना मात्र त्याच्या अनुसूचीत शिरायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्हेल शार्कला संरक्षण मिळाले. पाठोपाठ समुद्री घोडे आणि काही शार्क व रे माशांनाही. हे बहुतेक समुद्रातले. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे दाराबाहेरच राहिले.

६/ नेमक्या याच काळात डेनिसोनीचा व्यापार फोफावला. १९९० च्या दशकात परदेशी शौकिनांची नजर त्याच्यावर पडली आणि मागणी वाढत गेली. हे मासे टाकीत जन्मलेले नव्हते. ओढ्यांतून जाळ्याने उपसलेले होते. कायद्याने निषिद्ध नव्हते, म्हणून ही निर्यात उघडपणे चाले.

७/ २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाले. त्यांत लाल रेघेचे मासे ३ लाखांहून अधिक. दुसरा मोठा वाटा ‘बोटिया स्ट्रायटा’ या पट्टेदार माशाचा, जो महाराष्ट्रात कृष्णेच्या खोऱ्यातही आढळतो. दोघेही आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’.

८/ केरळ सरकारने २००८ मध्ये डेनिसोनीच्या पकडीवर निर्बंध घातले. जून, जुलै आणि ऑक्टोबर हे महिने बंदीचे ठरले. नद्यांतले अनेक मासे पावसाळ्यात अंडी घालतात. त्या ठोकताळ्याने हे महिने योग्यच वाटतात. पुढील संशोधनात मात्र या माशाची वीण ऑक्टोबर ते मार्च या काळात होते, असे आढळले.

९/ अर्थ सरळ होता. ऑक्टोबर वगळता विणीच्या साऱ्या महिन्यांत जाळी मोकळी होती. हेतू चांगला, हुकूम लेखी, तरी माशाला उपयोग थोडाच. जीवशास्त्र न विचारता केलेल्या नियमाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१०/ २०१३ मध्येच राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याचे नीलेश डहाणूकर या संशोधकांनी या माशासाठी स्वतंत्र प्रजाती सुचवली : ‘सह्याद्रिया’. तिच्यात दोनच जाती, डेनिसोनी आणि चालक्कुडिएन्सिस. गव्हर्नरचे नाव राहिले, पण आता पर्वताच्या नावामागे.

११/ डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वन्यजीव सुधारणा विधेयकात डेनिसोनीचे नाव पहिल्या अनुसूचीत आले. वर्षभराने सुधारणेस संसदेची मंजुरी मिळाली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची पंगत : तिथल्या प्राण्याला पकडणे किंवा विकणे हा गुन्हा.

१२/ पण नवा पेच उभा राहतो. हा मासा आता बंदिस्त टाक्यांतही पैदा केला जातो. टाकीत जन्मलेला आणि ओढ्यातून चोरलेला, दोघे दिसायला सारखेच. मग ओळखायचे कसे?

१३/ आग्नेय आशियातील अरोवाना माशाबाबत एक उत्तर शोधले गेले. १९७५ पासून सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याचा खुला आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. पुढे नोंदणीकृत केंद्रांत पैदा झालेल्या माशांना मुभा मिळाली. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म चिप, सोबत प्रमाणपत्र. हजारोंच्या किमतीच्या माशाला हे परवडते. बोटाएवढ्या, थव्याने विकल्या जाणाऱ्या माशाला कसे परवडावे?

१४/ आणखी एक मर्यादा आहे. कायदा जाळे थांबवू शकतो. पण धरणाने अडवलेला प्रवाह, उपसलेली वाळू, ओढ्यात उतरलेले कीटकनाशक यांवर अनुसूचीतील एका नोंदीचा जोर चालत नाही. दीडशे वर्षांनी माशाला कायद्यात जागा मिळाली. ओढ्यात ती टिकते का, यावर या इतिहासाचे पुढचे पान ठरेल.